खुला समुद्र, साठावी मान्यता आणि आपण विदर्भवाले

अभ्यासिका_ब्रह्मपुरी
२४ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१०

आमच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी पोरंपोरी या आठवड्यात एक ओळ पाठ करत आहेत : "हाय सीज करार, साठावा देश मोरोक्को, लागू १७ जानेवारी २०२६." देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातली जीवसृष्टी सांभाळायचा हा करार, साठ देशांनी पक्की मान्यता दिली की लागू होणारा. प्रश्न आला तर दोन गुण मिळतील. पण त्या ओळीच्या मागे काय आहे, यावर इथे बोलावं असं फार वाटलं.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा देशाचा प्रादेशिक समुद्र. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत, त्याचं आर्थिक क्षेत्र. त्यापलीकडे कोणाचंच राज्य नाही, आणि जगातल्या समुद्राचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग असाच आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने तिथे जहाज चालवायचं, मासे धरायचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिलं. जीवसृष्टी सांभाळण्याचं कर्तव्यही लिहिलं, पण सांभाळायचं कोणी आणि कसं, ते मोकळंच राहिलं. ती उणीव भरून काढायला संयुक्त राष्ट्रांत जवळपास दोन दशकं बोलणी चालली. १९ जून २०२३ ला करार मंजूर झाला. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली आहे, अनुसमर्थन, म्हणजे पक्की मान्यता, अजून बाकी आहे.

माझं म्हणणं असं की करार हवाच होता, पण जीव वाचतील की नाही हे त्याच्यापेक्षा मासेमारीच्या प्रादेशिक संघटनांवर जास्त ठरणार आहे. आधीपासून काम करणाऱ्या संस्थांना धक्का लावायचा नाही, असं करारातच लिहिलंय. आपल्या हिंदी महासागरात ट्यूना किती धरायचा हे 'हिंदी महासागर ट्यूना आयोग' ठरवतो. त्याचं कार्यालय सेशेल्समध्ये, व्हिक्टोरियाला. एकीकडे, या कराराखाली, समुद्रात अभयारण्य आखायचं आणि त्यात जाळं टाकायचं की नाही ते दुसरीकडे ठरायचं, हे जमेल का? आणि ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलाही नाही अशा आपल्या भागातल्या माणसांनी यात लक्ष घालावं का? मला वाटतं, घालावं. तुमचं म्हणणं सांगा.

पराटीवाला_दर्यापूर
२४ सप्टेंबर, रात्री ९:४२

ताई, मी सारं वाचलं. पण खरं सांगू का, इथं वावरात गुडघाभर पाणी हाय, सोयाबीनच्या शेंगाले कोंब फुटून रायले, पंचनाम्याले कोणी येऊन नाई रायलं. अशात तो समुद्र कोणाचा अन् मासोया कोणाच्या, हे आमी कायले पाहावं? राग मानू नका. ज्याच्या दारात समुद्र हाय त्यानं पाहावं.

बोरगावचा_बाळ्या
२४ सप्टेंबर, रात्री ९:४५

दर्यापूरच्या माणसाने तरी दर्याला परकं म्हणू नये भाऊ 😀

पाणलोट
२४ सप्टेंबर, रात्री १०:२०

भाऊ, नुकसानीचं दुःख खरंच मोठं आहे, त्यावर काही बोलत नाही. पण दाराचं म्हणाल तर दर्यापूरची चंद्रभागा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला आणि तापी सुरतेखाली अरबी समुद्राला. इकडे वर्धा, पैनगंगा, वैनगंगा सगळ्या प्राणहितेत जातात, ती सिरोंच्याला गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपल्या एकट्या विदर्भाचं पाणी दोन समुद्रांना जातं. सोबत काय काय जातं तेही पाहा. पूर उतरल्यावर पुलाच्या खांबांना गुटख्याच्या पुड्या, ठिबकच्या काळ्या नळ्या आणि मल्चिंगचा फाटका कागद अडकलेला असतो. अडकला तेवढा दिसतो, बाकीचा पुढे गेलेला असतो.

मात्र हेही सांगतो, जमिनीवरून जाणाऱ्या प्लास्टिकवर या कराराने थेट काही होणार नाही. त्यासाठी वेगळ्या कराराची बोलणी चालू आहेत आणि गेल्याच महिन्यात जिनिव्हात ती निर्णयाविना संपली.

पराटीवाला_दर्यापूर
२४ सप्टेंबर, रात्री १०:३१

पाणी जाते हे मान्य. अन् पाऊसही तिकूनच येते. मंग हा करार झाला तं पाऊस नीट पडन का? तसं असन तं मी आज सही करतो.

अभ्यासिका_ब्रह्मपुरी
२४ सप्टेंबर, रात्री १०:५०

दादा, नाही. तसं सांगितलं तर ती फसवणूक होईल. माणसाने वातावरणात जी जादा उष्णता कोंडली तिचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग समुद्राने घेतलाय आणि त्याचा आपल्या पावसाशी संबंध आहेच. पण तो प्रश्न कोळसा-तेलाचा आहे. हा करार जिवांचा आहे. पावसाचं नाव घेऊन मी कोणाला यात ओढणार नाही.

तलावकाठ
२५ सप्टेंबर, सकाळी ६:५५

आमी अर्जुनी-मोरगावकडचे ढिवर. समुद्र पाहिला नाई, पण मासोळीचं आमाले सांगा लागत नाई.

आमच्या मामा तलावात, म्हंजे माजी मालगुजारी तलावात, पयले वाडवडिलांचा नियम होता. पयला पाऊस पडला, मासोळी उलट्या धारेले चढाले लागली का जाळं नाई टाकायचं. पोटात गाभोळी असते. मंग तलाव लिलावात जाऊ लागले, बाहेरचा ठेकेदार आला. त्याले एका सालात पैसा वसूल करायचा, तो पुढच्या सालाचा विचार कायले करन? बारीक भोकाचं जाळं लावून बोटाएवढी पिल्लं पन काढली. मरळ, शिंगूर दिसेनाशी झाली. आता काही गावांत आमच्या सोसायटीनं अन् बायांच्या गटानं तलावातली बेशरमाची झुडपं काढली, पान्यातल्या जुन्या वनस्पती परत लावल्या, तवा कुठं देशी मासोळी वापस येऊन रायली.

म्हनून ताई, मले एकच समजून घ्यायचं हाय. तिकडच्या त्या पान्यात पुढच्या सालाचा विचार कोन करते? अंडी घालायच्या जागेवर बंदी हाय का?

अॅड_काटोल
२५ सप्टेंबर, सकाळी ११:१५

दादा, तुमच्या प्रश्नातच कराराचा गाभा आहे. आत्तापर्यंत खुल्या समुद्रात जगभरासाठी अशी जागा राखून ठेवायची पद्धतच नव्हती. काही प्रदेशांनी आपापसात केलं. ईशान्य अटलांटिकमध्ये ओस्पार कराराच्या देशांनी २०१० मध्ये खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रं जाहीर केली. पण ती त्या सही करणाऱ्या देशांनाच लागू. चौथाच देश येऊन जाळं टाकू लागला तर त्याला काय म्हणणार?

आता पद्धत अशी : कोणताही सदस्य देश किंवा काही देश मिळून प्रस्ताव देतील, वैज्ञानिक मंडळ तपासेल, मग सगळ्या सदस्य देशांची परिषद ठरवेल. आधी एकमताचा प्रयत्न. तो थकला तर तीन चतुर्थांश मतांनी निर्णय. ज्याला मान्य नाही त्याने १२० दिवसांत कारण देऊन आक्षेप घ्यायचा, आणि तो दर तीन वर्षांनी नव्याने मांडायचा. नुसतं 'नको' म्हणून बाजूला बसता येणार नाही.

मूळ प्रश्नावर : जिथे मासेमारीची संघटना आधीच आहे तिथे परिषद तिच्या अधिकारात शिरणार नाही, शिफारस करेल. पण दोन्हीकडे देश बरेचसे तेच बसलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये संरक्षणाला हात वर करायचा आणि व्हिक्टोरियात कोटा वाढवून मागायचा, हे आता सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल.

पुसदचा_खलाशी
२५ सप्टेंबर, दुपारी ४:०५

सुट्टीवर घरी आलोय म्हणून लिहितो. मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. आमच्या गावात अजून विचारतात, "तुया जहाजात पाणी शिरते का रे?"

खुल्या समुद्रात पोलीस नाही हे खरं. ज्या देशाचा झेंडा, त्याचा कायदा. म्हणून मालक पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं असे झेंडे घेतात. अरबी समुद्रात, ओमानच्या दक्षिणेला, रात्रीच्या वॉचवर असताना पुढचं क्षितिज पांढरं-हिरवं उजळलेलं दिसतं. चार्टवर तिथे काही नसतं. जवळ गेल्यावर कळतं, स्क्विड धरणारी जहाजं आहेत, एकेकावर दिव्यांच्या ओळी. रडारवर ठिपके भरपूर, पण ओळख सांगणाऱ्या यंत्रावर नावं त्याहून कमी. ज्यांनी यंत्र बंद ठेवलंय ते काय धरतात, किती धरतात, कोण मोजणार? माल मधल्यामधे दुसऱ्या जहाजावर चढतो आणि मासेमारीचं जहाज कित्येक महिने बंदरालाच लागत नाही. त्यावरच्या मजुरांचे हाल वेगळेच.

तरी 'कायदा म्हणजे कागद' असं मी म्हणणार नाही. आमच्या जहाजावर कचऱ्याची एक नोंदवही असते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, कुठल्या प्रकारचा किती कचरा जाळला, बंदरात उतरवला किंवा पाण्यात टाकला, त्यापुढे अधिकाऱ्याची सही. पान भरलं की कॅप्टनची सही. प्लास्टिक समुद्रात टाकायला पूर्ण बंदी. बंदरात तपासणीस येतो, वही उघडतो, भट्टीची राख पाहतो, आकडे जुळले नाहीत तर जहाज अडकतं. जहाज अडकलं की मालकाचा रोजचा पैसा बुडतो. म्हणून मेसमनसुद्धा दह्याचा डबा वेगळ्या पिंपात टाकतो. समुद्रात कोणी बघत नसतं, पण बंदराला एक दिवस यावंच लागतं. मासेमारीच्या जहाजांसाठीही बंदरातच तपासणी करून माल नाकारायचा करार २००९ मध्ये झाला, २०१६ पासून तो लागू आहे. माझ्या मते पकड तिथे आहे.

बोरगावचा_बाळ्या
२५ सप्टेंबर, दुपारी ४:१८

आमच्या ग्रामपंचायतीत ती कचऱ्याची वही पाठवता का खलाशीदादा?

कोळसाखाण_वणी
२५ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

मी जरा कडू बोलतो. करारात पर्यावरण परिणाम मूल्यांकन, म्हणजे कामाआधी नुकसानीची तपासणी, आहे म्हणून सगळे खूश आहेत. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला विचारा ते काय असतं. एका खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी होती. अहवालात आमच्या नाल्याचं नावच नव्हतं, दुसऱ्याच गावचं जंगल वर्णन केलेलं. लोक तीन तास बोलले, लिहून घेतलं गेलं, मंजुरी आली.

हाय सीज करारात ज्या देशाचा उपक्रम, तोच देश मूल्यांकन करणार आणि पुढे जायचं की नाही तेही तोच ठरवणार. मग फरक काय?

आणि समुद्रतळाच्या खाणकामाचं तर आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण वेगळं, जमैकात. आपल्याच देशाकडे मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरवर बहुधातू गोळ्यांच्या, म्हणजे तळावर पडलेल्या धातूंच्या गोळ्यांच्या, शोधाचं कंत्राट आहे. गोळे काढताना तळाचा गाळ ढवळेल, तिथले जीव कोणी नीट पाहिलेलेही नाहीत. त्यावर कोणी बोलेल का?

अॅड_काटोल
२५ सप्टेंबर, रात्री ८:५०

वणीकर भाऊ, तुमचा राग रास्त आहे आणि मुद्दाही. निर्णय त्या देशाकडेच राहिला, ही वाटाघाटीतली मोठी तडजोड होती. बदल एवढाच की अहवाल सगळ्यांसमोर ठेवावा लागेल आणि दुसरे देश, वैज्ञानिक मंडळ त्यावर लेखी मत देऊ शकतील. तुमच्या सुनावणीत तो नाला गाळलाय हे फक्त तुम्हाला माहीत होतं. इथे ते जगासमोर मांडता येईल. पुरेसं आहे का? नाही. काही नसण्यापेक्षा बरं आहे, आणि कोर्टात उभं राहायला मला एवढं सापडलं तरी खूप असतं.

धानोरा_रोड
२६ सप्टेंबर, सकाळी ८:२०

वर तीन चतुर्थांश मतांचं कौतुक झालं, तिथे मी अडतो. आमच्या शेजारचं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव. तिथे ग्रामसभेत मतदान होत नाही, सर्वसहमती लागते. एक माणूस अडला तर विषय पुढच्या सभेला. बाहेरच्यांना वाटतं, असं काम कसं चालतं? चालतं, कारण निर्णय झाल्यावर हरलेली बाजूच उरत नाही. कुऱ्हाड घेऊन रात्री गुपचूप जाणारा कोणी राहत नाही. मतदानाने ठरवलं की अल्पमतातला देश आक्षेप नोंदवून मोकळा. मग ज्याची जहाजं सगळ्यात जास्त तोच बाहेर, आणि आत ज्यांच्याकडे बोटी नाहीत ते. अशा अभयारण्याचा उपयोग काय?

अॅड_काटोल
२६ सप्टेंबर, सकाळी १०:०५

पण मेंढ्यात अडलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर भेटतो, त्याच जंगलातून मोह वेचतो. अंटार्क्टिकाचे सागरी जीव सांभाळणारा आयोग घ्या. २७ सदस्य, सगळं एकमताने. पूर्व अंटार्क्टिकाच्या संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव दहा वर्षांहून जास्त काळ पडून आहे, कारण रशिया आणि चीन होकार देत नाहीत. त्यांना उद्या कोणाच्या तोंडाला तोंड द्यायचंय? क्रिल, म्हणजे झिंग्यासारखे बारीक जीव, यांवर व्हेल, पेंग्विन जगतात. क्रिल एकाच जागी एकवटून धरू नये म्हणून मर्यादा वाटून देणारा नियम होता. त्याची मुदत संपली, नव्यावर एकमत झालं नाही, आणि यंदा ६ लाख २० हजार टनांची मर्यादा इतक्या लवकर भरली की ऑगस्टमध्येच मासेमारी बंद करावी लागली.

धानोरा_रोड
२६ सप्टेंबर, सकाळी १०:४०

तोच आयोग मी माझ्या बाजूने सांगतो. रॉस समुद्राचं क्षेत्र तिथेच, एकमतानेच झालं, २०१६ मध्ये. १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाच महाराष्ट्र. तिथेही रशिया, चीन वर्षानुवर्षं अडले होते. बसून, नकाशा बदलत, संशोधनासाठी थोडी मासेमारी ठेवत शेवटी हो म्हणाले. उशीर लागला, पण पक्कं झालं.

तलावकाठ
२६ सप्टेंबर, सकाळी ११:३०

उशीर माणसाले परवडते. मासोळीले परवडते का हे पन पाहा.

रानवाटा_वाशीम
२६ सप्टेंबर, दुपारी १:१०

थोडं विषयांतर करतो, पण पराटीवाल्या भाऊंच्या "दारात समुद्र" वरून राहवत नाही. आता दहा-पंधरा दिवसांत पाऊस उघडला की तुमच्या वावरावर पिवळसर चतुरांचे थवे दिसतील. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. कंबरेएवढ्या उंचीवर, वाऱ्याला तोंड करून, न बसता फिरत राहतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी पाहिलं की गोड्या पाण्याचं तळं नसलेल्या त्या बेटांवर दर ऑक्टोबरात हे चतुर येतात. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की ते भारतातून निघून खुला समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेला जातात, आणि परतीची फेरी पुढच्या पिढ्या पूर्ण करतात. अमूर ससाणे नोव्हेंबरात याच समुद्रावरून सोमालियाला जातात, वाटेत चतुर खातात.

बोरगावचा_बाळ्या
२६ सप्टेंबर, दुपारी १:१६

चतुरांना पासपोर्ट लागत नाही, आम्हाला तालुक्याला दाखला काढायलाही तीन चकरा!

मत्स्यपदवी_तेलंगखेडी
२६ सप्टेंबर, दुपारी २:४५

चतुर सुंदर आहेत, पण ते सागरी जीव नव्हेत, करारात बसणार नाहीत. त्याच मुद्द्याचं सागरी उदाहरण देतो. २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तेच कासव या जानेवारीत आपल्या कोकणात गुहागरला अंडी घालताना सापडलं. एवढ्या फेरीत ते किती हद्दींतून गेलं असेल! एका देशाने किनारा सांभाळून भागत नाही, ते इथे दिसतं.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाला. मी मत्स्यशास्त्र शिकलोय, म्हणून न आवडणारी एक गोष्ट सांगतो. ट्यूना आयोगात ठराव झाला तरी एखादा सदस्य आक्षेप घेऊन त्यातून बाहेर राहू शकतो, आणि एक तृतीयांशाहून जास्त सदस्यांनी आक्षेप घेतला तर तो बाकीच्यांनाही बंधनकारक उरत नाही. २०२१ च्या यलोफिन ट्यूनाच्या ठरावाला आक्षेप घेणाऱ्यांत आपला भारत होता. इंडोनेशिया, इराण, ओमानही होते. म्हणणं असं की साठा घटवला तो लांबून येणाऱ्या युरोपीय जहाजांच्या मोठ्या जाळ्यांनी, आणि कपात आमच्या छोट्या बोटींनी का सोसायची? त्यात तथ्य आहे. दोन वर्षांनी मासे गोळा करणाऱ्या तरंगत्या सापळ्यांवर निर्बंधांचा ठराव किनारी देशांनी रेटून आणला, तर युरोपीय संघासह एक तृतीयांशाहून जास्त सदस्यांनी आक्षेप घेतला आणि तो बारगळला. प्रत्येकाला दुसऱ्याचा नियम हवाय.

अभ्यासिका_ब्रह्मपुरी
२६ सप्टेंबर, रात्री ९:३०

हे वाचून थांबले. पोरांना मी "भारताने सही केली" एवढंच अभिमानाने सांगत होते. आता पुढचंही सांगेन. छोट्या मासेमाराची बाजू घेणं मला पटतं. तलावकाठ दादांच्या तलावात ठेकेदाराने केलं तेच मोठी जहाजं तिथे करतात. पण न्याय मागताना आपला आकडाही टेबलावर ठेवायला हवा : आपण किती धरतो, किती कमी करू, कधीपर्यंत.

अभ्यासिकेतल्या अकरा जणांनी ठरवलंय, आपल्या खासदारांना आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला पत्र लिहायचं. अनुसमर्थन कुठवर आलं, आणि ट्यूना आयोगात आपली भूमिका काय.

अॅड_काटोल
२६ सप्टेंबर, रात्री ९:५५

पत्रं दोन करा. कराराचं काम पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे, ट्यूना आयोगाचं मत्स्य विभागाकडे. एकाच कागदावर दोन्ही विचारलं तर "आमच्या कक्षेत नाही" असं उत्तर येईल. तीस दिवसांत उत्तर हवं असेल तर माहिती अधिकारात, एकेक मुद्दा वेगळा लिहून. मसुदा पाठवा, मी तपासून देते.

पराटीवाला_दर्यापूर
२६ सप्टेंबर, रात्री १०:१०

ताई, तो ठेकेदाराचा मुद्दा पटला. मी पीकविम्यासाठी माहिती अधिकार टाकत असतो, मले फॉर्म भरता येते. मत्स्य विभागाचा मी भरून देतो. काय काय विचारायचं ते फक्त सांगा.

तलावकाठ
२६ सप्टेंबर, रात्री १०:२२

जाळ्याचं भोक किती मिलीमीटरचं ठेवते ते नक्की विचारा.